काकडीच्या जागी

खंडेनवमीच्या दिवशी दत्तप्रसादने अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तेव्हा साईनाथसाहेबांनी चहाच्या कपातून नजरही वर काढली नाही.

"यंत्रं रजा घेतात का?"

"नाही साहेब, पण आज पूजा..."

"यंत्रांची आहे. तुमची नाही."

साईनाथसाहेब सदाशिव पेठेतले. ते पूर्णविरामसुद्धा जपून वापरत. दत्तप्रसादने कोथरूडला घरी फोन करून "माझ्यासाठी थांबू नका" असं सांगितलं आणि तो चाचणीच्या खोलीकडे वळला. खरं तर रजा मिळाली नाही हे बरंच झालं, कारण आज त्याच्या अंगात नुसतं वारं संचारलं होतं.

हडपसरच्या त्या कारखान्यात गाडीचा मेंदू म्हणावा अशी एक काळी डबी तयार होत असे. अंधार पडला की दिवे लावणं, पाऊस आला की वायपर फिरवणं आणि खिडक्यांच्या काचा आपोआप वर घेणं, हे सगळं ही डबी पाही. डबी हुशार होती, पण एका विषयात दोनदा नापास झाली होती. काच वर चढताना मध्ये कुणाचा हात आला, तर तिने थांबून मुकाट्याने खाली यायला हवं. हाताच्या जागी काकडी धरायची रीत होती. दोन्ही वेळा काकडीचे दोन तुकडे झाले आणि कॅन्टीनमध्ये कोशिंबीर वाढली गेली.

आज तिसरी आणि शेवटची संधी. गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या ऋतिका मॅडम तपासायला येणार होत्या. आजही काकडी चिरली गेली, तर काम दुसऱ्या कारखान्याकडे आणि दत्तप्रसाद गोदामात. पण महिनाभर डोकं खपवून त्याने डबीला नवं शहाणपण शिकवलं होतं. चाचणीची गाडी उभी होती, वीज सुरू होती, काचा खाली होत्या. फक्त काकडी यायची होती.

तो कॅन्टीनकडे धावला. तिथे कचरू निवांत पुऱ्या तळत होता.

"कचरू, काकडी दे लवकर!"

"काकडी? चिरली की."

"चिरली? अरे, परीक्षा व्हायचीय अजून!"

"नंतर तुम्ही तुकडेच आणून देता ना? म्हटलं, तुमचा हेलपाटा वाचवावा."

दत्तप्रसादला रडावं की हसावं कळेना. तो रिकाम्या हातांनी परतला, तर चाचणीच्या खोलीत पूजा रंगात आली होती. फोटो चांगला यावा म्हणून साईनाथसाहेब थेट गाडीत, स्टिअरिंगमागे बसले होते. उजवा हात खिडकीबाहेर, हातात ताम्हन आणि ताम्हनात पेटलेलं निरांजन. झाडलोट करणाऱ्या मथुराबाईंनी वायपरला झेंडूची माळ बांधली होती आणि पुढच्या काचेवर, बरोबर मधोमध, कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढायला घेतलं होतं.

"मथुराबाई, तिथं नको! काचेमागं डबीचा डोळा आहे!"

उशीर झाला होता. डोळ्यावर कुंकू आलं आणि डबीला वाटलं, रात्र झाली. गाडीचे दिवे झगझगीत पेटले.

"देवी पावली!" मथुराबाईंनी हात जोडले आणि तांब्या उचलला.

"पाणी तर मुळीच नको! डबीला पाऊस वाटेल!"

"पानी शिंपडल्याबिगर कुठं पूजा व्हती व्हय?"

"शिंपडा हो," आतून साहेब म्हणाले. "चार थेंबांना पाऊस म्हणत असेल, तर ती डबी पुण्याची नाही."

मथुराबाईंनी मोकळ्या हाताने शिंपडलं. वायपर खडबडून जागे झाले. माळ तुटली, झेंडू चौफेर उडाले, कुंकवाचा काचभर लाल चिखल झाला. आणि कर्तव्यदक्ष डबीने चारही काचा वर घ्यायला सुरुवात केली.

"अहो, काच! काच!" साहेब ओरडले. हात आत घ्यावा तर निरांजनाने सीट पेटणार, ताम्हन सोडावं तर अपशकुन. दत्तप्रसादने डोळे मिटून घेतले. त्याला कोशिंबीर दिसू लागली.

पण काच साहेबांच्या दंडाला टेकली, थबकली आणि सुनेने सासऱ्यांसमोर यावं तशी अदबीने खाली गेली.

दत्तप्रसाद हवेत उडालाच. "थांबली! साहेब, थांबली!"

पाऊस मात्र अजून चालूच आहे अशी डबीची समजूत होती. काच पुन्हा वर निघाली. दत्तप्रसाद ताम्हन घ्यायला झेपावला, तोच दारातून करडा आवाज आला, "स्टॉप! सॅम्पलला कुणीही टच करायचं नाही!"

ऋतिका मॅडम आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे. केसात एक झेंडू अडकला होता.

"मॅडम, हात माझा आहे!" साहेब कळवळले.

"त्यालाच म्हणतेय. हलवू नका."

"अहो, काकडीवर घ्या ना!"

"काकडीवर दोनदा घेतलं. रिझल्ट आठवतोय मला."

काच टेकली आणि उतरली. पुन्हा चढली, पुन्हा उतरली. निरांजन विझेपर्यंत मॅडमनी साहेबांचा हात सोडवू दिला नाही. मग त्या चक्क हसल्या.

"सुपर्ब! लाइट, वायपर, काच, सगळं एकाच वेळी, आणि तेही खऱ्या माणसावर. एवढा कॉन्फिडन्स कुणी दाखवत नाही. पास!"

दत्तप्रसादने आनंदाच्या भरात मथुराबाईंना वाकून नमस्कार केला. साहेब दंड चोळत बाहेर आले.

"फक्त आमचा एक नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "ज्या पद्धतीने सॅम्पल पास होतं, त्याच पद्धतीने दर महिन्याला टेस्ट करायची. काहीही बदलायचं नाही. काहीही म्हणजे काहीही."

तेव्हापासून दर महिन्याला मथुराबाई झेंडू आणतात, स्वस्तिक काढतात, पाणी शिंपडतात आणि साईनाथसाहेब निरांजन घेऊन गाडीत बसतात. कोशिंबिरीला आता अख्खी काकडी मिळते.

मार्गशीर्षात नेमक्या चाचणीच्या दिवशी साहेबांच्या मेव्हण्याचं लग्न आलं. साहेब दत्तप्रसादच्या टेबलापाशी येऊन जरा घुटमळले.

"दत्तप्रसाद, उद्या अर्धा दिवस मला..."

दत्तप्रसादने चहाच्या कपातून नजर वर काढली नाही.

"साहेब, चाचणीचं साहित्य रजा घेतं का?"