बटणची चाचणी

"घाबरलीस का गं?" बाबांनी सकाळपासून सातव्यांदा विचारलं.

"नाही," म्हणून बटण पेन्सिलीला टोक काढत राहिली. बटण हे घरातलं लाडाचं नाव. वय वर्षं सात, आणि उद्या नव्या शाळेतला पहिला दिवस.

बाबांचा जीव टांगणीला लागला होता. गेल्या वर्षी जुन्या शाळेत ती तीन आठवडे फाटकाला धरून रडली होती, डबा जसाच्या तसा परत आणत होती. तसं पुन्हा व्हायला नको होतं. त्यात नव्या शाळेची चिठ्ठी आलेली: मुलांशी त्यांच्या मनातल्या भीतीबद्दल मोकळेपणाने बोला. आता पोरीला भीतीच नाही, तर बोलायचं काय, कपाळ?

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. नवी लिफ्ट सुरू करण्याआधी तिच्यात वजनं भरून बघायची, ही त्यांच्या कामातली रीत. रिकामी लिफ्ट काय, कुणाचीही वर जाते. या भल्या माणसाने तीच रीत लेकीला लावली.

"समज, शेजारी कुणी बसलंच नाही तर?"

"मी एकटी बसेन."

"समज, बाथरूम सापडलं नाही तर?"

बटणचा हात थांबला.

"डबा सांडला तर? बाई ओरडल्या तर?"

"अहो, पुरे करा!" गणवेशाची शिवण उसवत बसलेली आई कडाडली. "चांगली खेळत होती पोरगी!"

"भार सोसतो का ते बघतोय."

भार सोसला नाही. बटणचा ओठ बाहेर आला. "बाबा, तूच हरवलास तर?" हे बाबांच्या यादीतही नव्हतं. "मी नाही जाणार शाळेत!" म्हणून तिने जे भोकाड पसरलं, ते दीड तास थांबलं नाही.

मग बाबांची पळापळ. एकेका भीतीवर एकेक उपाय. डबा सांडला तर दुसरा डबा, बूट भिजले तर जादा मोजे, कुणी दिसेनासं झालं तर शिट्टी. शाळेच्या वॉचमनला विचारून ते बाथरूमचा नकाशाही काढून आले. शेवटी दप्तर पाठीला लावलं की बटण मागे कलंडायला लागली.

"आता खरंच वजन जास्त झालं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बटण मुकाट्याने वर्गात गेली. बाबा कामावर गेले, पण लक्ष ठिकाणावर कुठलं! साडेदहाला फोन वाजला.

"शाळेतून बोलतेय. ताबडतोब या. पहिलीच्या वर्गातली सगळी मुलं रडतायत."

"आणि आमची?"

"तुमची नाही रडत. तुमची रडवतेय."

बाबा ग्रीसच्या हातांनीच धावत सुटले. वर्गात सव्वीस पोरांनी टाहो फोडला होता. बटण एकेका बाकापाशी जाऊन शांतपणे विचारत होती, "समज, तुझ्या आईची बस चुकली तर?"

"अगं कार्टे, हे काय चालवलंयस?"

"चाचणी. काल मी खूप रडले ना, मग मला बरं वाटलं. यांनाही वाटेल." तिने एका मुसमुसणाऱ्या मुलाला आपले जादा मोजे देऊन टाकले. तो खरंच थांबला.

बाबा शरमेने अर्धे झाले. बाईंची माफी तरी मागावी म्हणून ते पुढे गेले. बाई कपाटाकडे तोंड करून उभ्या होत्या. विशी-बाविशीच्या असतील. खांदे हलत होते.

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"तिने मला विचारलं, मुलांनी तुमचं ऐकलंच नाही तर?" बाईंनी पदराने नाक पुसलं. "आणि कुणी ऐकतच नाहीये हो! माझाही आज पहिलाच दिवस आहे."

बाबा ग्रीसच्या हातांनी खिशात रुमाल शोधू लागले. बटण मात्र तरातरा आली आणि तिने बाईंचं बोट धरलं.

"तुम्हाला काय येतं?"

"गाणं येतं," बाई पुटपुटल्या.

"मग म्हणा की!"

बाईंनी कापऱ्या आवाजात सुरुवात केली. एक पोर गप्प झालं, मग दुसरं, मग अख्खी रांग. तिसऱ्या ओळीला बाईंचा आवाज मोकळा झाला. दारात उभ्या बाबांना फार बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं, कारण आता त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बटणने मागे वळून पाहिलं.

"बाबा, जाताना दार लाव. मुलं तुझ्याकडेच बघतायत."