छोटा कीबोर्ड आणि सिन्नरची बस

मी फक्त कीबोर्ड बदलायचं ठरवलं होतं हो! जुन्याने अख्खं टेबल अडवलं होतं, म्हणून छोटासा, बिनवायरचा आणला. मला दिसत नाही. कॉम्प्युटरमधली बाई कानात वाचून दाखवते आणि मी टाइप करतो. जुन्यावर बोटं डोळे मिटून चालायची. (उघडूनही तेच, म्हणा.) नव्यावर मात्र अर्धी बटणं गायब आणि उरलेली दाटीवाटीने बसलेली.

त्या दिवशी दहाच्या आत लॉगिन करायचं होतं. घरून काम, पण पुन्हा उशीर झाला की साहेब मेमो देणार होते. आणि कीबोर्ड टेबलावर नाही! हाका मारल्यावर सासूबाईंनी, म्हणजे सिन्नरच्या सिंधुबाईंनी, तो आणून दिला.

"घ्या जावईबापू, पुसून ठेवलाय."

का पुसला, हे विचारायचं राहिलंच.

पासवर्ड टाकला. कानातली बाई गप्प. एंटर मारला, तरी गप्प. कॅप्स लॉक चुकला की काय? मग दिसेल ते, म्हणजे लागेल ते बटण दाबलं. (त्यातलं एक बहुधा टेबलाचा स्क्रू होतं.) तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला, थेट हॉलमधून. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे!

"उज्ज्वला," सासूबाई ओरडल्या, "मी कीर्तन शोधत होते गं, ह्या एसट्या कुठून आल्या?"

"घरात एसटी?" मी हेडफोन उपटला आणि कीबोर्ड छातीशी धरून धावलो.

"अगं बाई, आता तर टीव्ही उड्या मारायला लागला!"

"सरका, मी बघतो," मी म्हणालो. (घरातला कॉम्प्युटरवाला मीच ना.)

"थांबा हो, वर शोधायच्या चौकटीत काहीतरी लिहून आलंय," बायको एकेक अक्षर वाचू लागली. "एस, आय, एन, एन, ए, आर..."

अरे, हा तर माझा पासवर्ड! आमचं ऑफिस दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावतं. मी तो बदलला नेमका सासूबाई आल्या त्या दिवशी.

"सिन्नरची बस कधी," बायकोने जुळवलं. "हे कोणी लिहिलं?"

"टीव्हीने," मी म्हणालो.

सासूबाईंनी माझ्या हातातून कीबोर्ड काढून घेतला. "ह्याच्या एक नंबरच्या बटणाला कॉम्प्युटर, दोनला टीव्ही. मीच जोडलाय काल, कीर्तनासाठी. परत एकवर करायचं राहून गेलं." टक्. आतल्या खोलीतून कॉम्प्युटरची बाई बोलली, "पासवर्ड लिहा."

लिहिला. काय करता! लॉगिन वेळेत झालं, मेमो टळला. बाहेर येऊन मान खाली घालून उभा राहिलो.

"संध्याकाळच्या गाडीने निघणारच होते मी," सासूबाई पिशवीतली लुगडी परत कपाटात ठेवत म्हणाल्या. "किती दिवस चालतो हो तुमचा पासवर्ड?"

"तीन महिने," मी बोलून गेलो.

"मग विचारा रोज!"