छिद्राची शहानिशा

नुकसान आपोआप होत नाही; ते आधी सिद्ध व्हावे लागते. फळांचा रस शोषणाऱ्या पतंगाला याची कल्पना नसावी. पिकायला आलेले, उत्तम फळ हेरून तो सोंडेने टाचणीएवढे भोक पाडतो, रस पितो आणि उजाडायच्या आत निघून जातो. (त्याची तपासणी करणारे सरकारी कार्यालय दहाला उघडते. दोघांची गाठ आजवर पडलेली नाही.) भोकाभोवती फळ सडते आणि चार दिवसांत गळते.

बाग पतंगमुक्त असल्याचा दाखला देणारे तपासनीस सचोटीचे गृहस्थ होते. त्यांच्याकडे एक सरकारी सुई होती. फळावर डाग दिसला की सुई आत घालायची. टोकाला रस लागला तर फळ बाधित. बारा वर्षांत सुई एकदाही कोरडी आली नव्हती. पतंग किती माजला आहे, हे त्यावरूनच त्यांच्या लक्षात आले होते.

यंदा पाळी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या बागेची होती. व्यापारी तोडणीला यायचा होता, पण दाखल्याशिवाय तो फळाला हात लावणार नव्हता. ताईने वर्षभर खपून प्रत्येक संत्र्याला स्वतः कागदी पिशवी बांधली होती. पक्षपाताचा ठपका नको म्हणून तपासनीसांनी सगळ्या पिशव्या उतरवल्या आणि डाग नसलेली फळेही तपासायला घेतली.

"अरे, पिशवीतल्या फळापर्यंत पतंग पोचेल कसा?" ताई म्हणाली.

"तेच तर. लपवायचं काही नव्हतं, तर झाकलंस कशाला?"

"भोकं तू पाडतोयस."

"मी तपासतोय, ताई."

ताईला रडू आले. तपासनीसांनाही फार वाईट वाटले, आणि त्या भरात त्यांनी अहवाल सुवाच्य अक्षरात लिहिला. एकूण फळे : १,८१२. बाधित : १,८१२. पतंग : आढळला नाही (दिवस असल्याने). दाखला : नामंजूर.

चौथ्या दिवशी सगळी बाग गळाली. अहवाल तंतोतंत खरा ठरल्याबद्दल कार्यालयाने त्यांचे लेखी अभिनंदन केले.

दरवर्षी ताईकडून येणारी संत्री यंदा आली नाहीत, म्हणून तपासनीस फळांच्या गाडीवर गेले. त्यांनी एकेक फळ अंगठ्याने दाबून पाहिले आणि परत ठेवले.

"साहेब, दाबू नका," फळवाला म्हणाला.

त्यांच्या शेजारी, वाचकहो, आपणही उभे होतात. अर्धा किलो घेताना आपण किती फळांत अंगठा रुतवला, तो आकडा कार्यालयाला अजून मिळालेला नाही. पतंग निदान टोचलेल्या फळाचा रस तरी पितो.