श्वासाची जागा

"ताई, यात श्वास कुठे घ्यायचा?" धाकट्याने बासरी खाली ठेवली. चेहरा लालबुंद झाला होता.

ताई प्रयोगशाळेत आवाजाची मोजमापं करायची. आईच्या वाढदिवसासाठी तिने भेटही तशीच काढली होती. रोज सकाळी आई बाबांशी जे बोलते, ते गुपचूप रेकॉर्ड करायचं, त्यातला एकेक चढउतार मोजायचा आणि त्याची धून बांधायची. "प्रत्येकाच्या बोलण्याला आपली एक चाल असते," ती म्हणे. धून झालीही झकास. कॉम्प्युटरने ती न अडखळता वाजवली. पण संध्याकाळी पाहुण्यांपुढे ती धाकट्याला वाजवायची होती, आणि ताई गेला महिनाभर या एकाच गोष्टीवर जीव टाकून बसली होती.

"आई मध्ये थांबतच नाही, त्याला मी काय करू?"

"मग बासरी तिलाच दे!"

ताईने माघार घेतली आणि अगदी समान अंतरावर विश्राम घातले. आता धुनेतल्या आईला पारा ऐन चढणीवर असताना मध्येच उचकी लागू लागली.

"ही आई नाही गं, स्टेशनवरची घोषणा आहे!"

मग दोघांनी आळीपाळीने वाजवायचं ठरलं. ताईच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, बासरी धरता येत होती, तेवढ्यावर त्यांना जुंपलं. दोन ओळींतच घरात दोन आया भांडताहेत असं वाटायला लागलं. "मी आपला खुर्च्या मांडतो," म्हणून भाऊजी सटकले.

संध्याकाळी ताईचा उतरलेला चेहरा पाहून धाकट्याने ठरवलं, घेरी आली तरी चालेल, मूळ धूनच वाजवायची. सुरुवात जोरात झाली. पण थोड्याच वेळात त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. इतक्यात पंख्याकडे पाहत बसलेले बाबा सवयीने म्हणाले, "हं."

धाकट्याने तेवढ्यात श्वास ओढून घेतला. धून वळली, वर चढली, दम संपत आला.

"हं."

पुन्हा श्वास. प्रत्येक हुंकार बरोब्बर जागेवर पडत होता आणि धून आईसारखी, अगदी आईसारखी बोलत होती. ताईने कपाळाला हात लावला. हेच हुंकार तिने नको असलेला आवाज म्हणून रेकॉर्डिंगमधून पुसले होते, आणि मधल्या फटी नीट जुळवून टाकल्या होत्या.

टाळ्या थांबल्यावर ताईने सांगितलं, ही धून म्हणजे आईचंच रोज सकाळचं बोलणं, तशी आई बाबांकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझं सगळं ऐकत होतात?"

बाबांनी पंख्यावरची नजर काढली नाही.

"हं."