पिवळ्या रेघेवरची मावशी

पुएर्तो सालीनाच्या विमानतळावर बेवारशी अशी एकही गोष्ट उरलेली नाही, असं एवारिस्तो छातीठोकपणे सांगत असे. आणि तसं सांगायचा त्याला हक्कही होता. तिथे धावपट्टी सरकारी खात्याची, इमारत खासगी कंपनीची, पासपोर्ट पाहणारे वेगळे, बॅगा उघडणारे वेगळे, पोलीस तर सगळ्यांहून वेगळे. पूर्वी एक नळ गळला तरी सहा कचेऱ्यांतून पत्रं निघत, आणि नळ आपला गळत राही. समन्वय अधिकारी एवारिस्तोने अकरा वर्षं बैठका घेतल्या आणि शेवटी जमिनीवर पिवळ्या रेघा ओढून घेतल्या. अलीकडे हा, पलीकडे तो. भांडण संपलं.

त्या शनिवारी त्याची मावशी ओदिलिया मायामीहून येणार होती. चार वाजता त्याच्या नातीचा बाप्तिस्मा होता आणि मावशी गॉडमदर, म्हणजे बाळाची धर्ममाता. पाद्रीबाबांनी बजावून ठेवलं होतं की पाचला एक लग्न आहे; गॉडमदर वेळेवर आली नाही तर बाप्तिस्मा थेट पुढच्या महिन्यात. त्याची मुलगी काळजीत होती. एवारिस्तोने तिला सांगितलं, "विमानतळाचं माझ्यावर सोड." मग गळ्यात पास अडकवून तो मावशीला घ्यायला थेट आत गेला. इथेच त्याचं चुकलं.

मावशी चाकाच्या खुर्चीत ऐटीत बसून आली. ढकलत होता विमान कंपनीच्या कंत्राटदाराचा विलमार. पासपोर्टवर शिक्का पडला, पुढे पिवळी रेघ आली, आणि विलमारने पुढची चाकं नेमकी रेघेवर थांबवली. पलीकडे इमारत कंपनीची नेरेइदा हाताची घडी घालून उभी होती. खुर्च्या सामाईक, ढकलणारे वेगळे. नियम असा की विलमारने रेघ ओलांडायची नाही, आणि चारही चाकं पलीकडे आल्याशिवाय नेरेइदाने हात लावायचा नाही.

पाच मिनिटं गेली. मग दहा.

"एरवी काय करता?" एवारिस्तोने विचारलं.

"एरवी मी मागून पायाने जरा लोटतो, डॉक्टर." टाय बांधणाऱ्या कोणालाही तिथे डॉक्टरच म्हणतात. "पण आज नियम लिहिणारे स्वतः समोर उभे आहेत."

"मी पाठ फिरवतो."

"कॅमेरा नाही ना पाठ फिरवत," नेरेइदा म्हणाली. "लिहून द्या, लगेच ढकलते."

लिहून द्यायचं तर सहा सह्या हव्या होत्या. स्वतः ढकलावं तर ढकलण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं, ही अटही त्याचीच. त्याने फोन लावायला सुरुवात केली. इमारत कंपनीने मागची चाकं कुठे आहेत ते विचारलं, विमान कंपनीने पुढची. सरकारी खात्याने चाकं जमिनीला टेकली आहेत का एवढंच विचारलं. टेकली असतील तर त्यांचा काही संबंध नव्हता. पोलिसांनी विचारलं, बाई शांत आहेत का. आत्तापर्यंत तरी, असं एवारिस्तोने सांगितलं. शेवटी कुणीतरी विचारलं की रेघ चार बोटं रुंद आहे, तर ती चार बोटं कोणाची? अकरा वर्षांत हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एवारिस्तोच्याही नाही.

साडेतीन वाजले. मुलीचे सात फोन येऊन गेले होते.

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. "लहानपणी तू सूपमधले बटाटे वेगळे काढून ओळीने मांडायचास," ती म्हणाली. "तुझी आई म्हणायची, जाईल ही खोड." आणि ती उठून तरातरा चालू लागली.

"मावशी, तुझे गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? पासपोर्टची रांग बघितलीस का? आमच्या विमानात चौदा जणींनी खुर्ची मागितली होती." मग ती विलमार आणि नेरेइदाकडे वळली. "तुमची ड्यूटी संपली ना रे? चला, केक आहे."

दोघंही निघाले. एवारिस्तोनेही पाऊल उचललं, इतक्यात पोलीस आला. रिकामी खुर्ची म्हणजे बेवारशी वस्तू, तो अदबीने म्हणाला; आणि नियम एकतीसनुसार तपासणी होईपर्यंत हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याने जागेवरून हलायचं नाही. नियम कोणी लिहिला, हे त्याने विचारलं नाही. तेवढी माणुसकी त्याने दाखवली.

एवारिस्तो खुर्चीत बसला आणि बसल्या बसल्या त्याने तपासणीसाठीचा अहवाल लिहून टाकला. पावणेपाचला फोनवर फोटो आला: बाळ मावशीच्या कडेवर, आणि मागे विलमार आणि नेरेइदा, दोघांच्याही हातात केकच्या बशा.

तेवढ्यात मागून कुणी अनोळखी बाई आली. "आजोबा, तुम्हाला न्यायला कोणीच आलं नाही का?" असं म्हणत तिने खुर्ची सहज ढकलली. रेघ ओलांडायला दोन सेकंद लागले. ती हसून निघूनही गेली.

एवारिस्तो उठला, इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्ची मागे ओढून पुढची चाकं पुन्हा बरोबर रेघेवर आणून ठेवली. अहवालात त्याने तीच जागा लिहिली होती.