खाली गाडी!

"वर म्हणजे पुढे!" क्लिफर्ड ओल्ड्रॉइडने टेबलावर मूठ आपटली. "चढणीकडे तोंड करून उभं राहा आणि वर बघ. काय दिसतं? पुढचंच दिसतं ना?"

"आणि मागून आपल्या अंगावर चढत येते ती गाडी काय खाली जाते?" ब्रेंडा मेटकाफने कपातला चहा ढवळत विचारलं. "ती वरच येते की रे, बाबा!"

चर्चच्या सभागृहातली ही पाचवी बैठक होती. हार्थवेट आणि स्केलबेक या दोन खोऱ्यांमधले दोन सायकल क्लब सभासदांअभावी मरायला टेकले होते, म्हणून एकत्र यायला निघाले होते. इकडे सात, तिकडे सात. नाव ठरलं, अंगातल्या जर्सीचा रंग ठरला, कुठल्या रविवारी कुठल्या गावाला चहा प्यायचा तेही ठरलं. अडलं ते एका शब्दावर. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी दिसली की पहिल्या माणसाने ओरडायचं आणि मागून आली की शेवटच्याने ओरडायचं, ही रीत दोन्हीकडे होती. पण हार्थवेटवाले समोरून आलेल्या गाडीला 'वर गाडी' म्हणत आणि मागून आलेल्या गाडीला 'खाली गाडी'. स्केलबेकवाले बरोबर उलटं म्हणत. मध्ये फक्त एक डोंगर होता, पण डोंगराच्या दोन्ही बाजूंना पन्नास-साठ वर्षं लोक बिनचूक एकमेकांच्या उलट ओरडत आले होते.

"नुसतं 'पुढे' आणि 'मागे' म्हटलं तर?" सभागृहाची किल्ली सांभाळणाऱ्या पाद्रीबाईंनी विचारलं.

क्लिफर्ड आणि ब्रेंडा यांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बाई बिस्किटं आणायला आत गेल्या. त्या पाच बैठकांमध्ये दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच एका गोष्टीवर. पुढे आणि मागे काय, कुणीही म्हणेल!

शेवटी असं ठरलं की येत्या रविवारी सगळ्यांनी मिळून एक फेरी मारायची, ऑल्डर्सबीला चहा प्यायचा आणि तिथेच नव्या क्लबचा कप्तान निवडायचा. ज्याचा कप्तान त्याचा शब्द. तोवर ज्याने त्याने आपापलं ओरडावं.

क्लिफर्ड सत्तावीस वर्षं हार्थवेटचा कप्तान होता. बसच्या डेपोतून निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं. घरात त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. बायको डोरीन त्याला कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा याचीही अक्कल शिकवी. पण रविवारी सकाळी गळ्यात शिट्टी अडकवली की क्लिफर्ड माणसात येई. शिट्टी वाजली की लोक निघत, शिट्टी वाजली की थांबत. ही शिट्टी गेली तर रविवारसुद्धा बाकीच्या सहा दिवसांसारखाच होणार होता, आणि त्या सहा दिवसांचं काय करायचं हे त्याला आधीच कळत नव्हतं.

शनिवारभर त्याने गणित मांडलं. सात त्याचे, सात तिचे. निदान एक तरी स्केलबेकवाला फुटायला हवा होता. आणि मग भांडी पुसता पुसता त्याला युक्ती सुचली. उद्या आपण त्यांचाच शब्द वापरायचा! समोरून गाडी आली की 'खाली गाडी' म्हणायचं, अगदी स्केलबेकच्या पद्धतीने. लोक म्हणतील, काय मोठ्या मनाचा माणूस! निवडून आलो की सोमवारपासून 'वर' म्हणजे पुढे. आवळा देऊन कोहळा काढायचा. ही युक्ती त्याने कुणालाही सांगितली नाही, कारण सांगितलेल्या मोठेपणाला मत मिळत नाही.

डोंगराच्या पलीकडे स्केलबेकची कप्तान ब्रेंडा मेटकाफ त्याच वेळी कपडे वाळत घालत होती. तीस वर्षं घरोघर फिरून नर्सचं काम केलेली बाई. माणसाला कुठे टोचलं की दुखत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिलाही एक हार्थवेटवाला फोडायचा होता, आणि दोरीवर शेवटचा चिमटा लावताना तिलाही नेमकी तीच युक्ती सुचली.

रविवारी चौदाजण निघाले. क्लिफर्ड सगळ्यांत पुढे होता, ब्रेंडा सगळ्यांत मागे. पहिल्या घाटात नेहमीप्रमाणे विल्फ सग्डन मागे पडला. विल्फ म्हणजे क्लिफर्डचा शाळेपासूनचा मित्र, अंगाने भरलेला, स्वभावाने गरीब. क्लिफर्ड माथ्यावर सायकलला टेकून त्याची वाट पाहत उभा राहिला. "आमच्यात कुणालाही मागे सोडत नाहीत," त्याने स्केलबेकवाल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. दहा मिनिटांनी विल्फ लालबुंद होऊन वर आला, त्याने एक पाय जमिनीला टेकवला, आणि क्लिफर्डने शिट्टी फुंकली. सगळे निघाले. विल्फही निघणार होता, पण ब्रेंडाने त्याच्या सायकलचं हॅन्डल धरलं आणि दोघं मागून पाच मिनिटांनी आले. कप्तानाच्या शिस्तीत ही ढवळाढवळ क्लिफर्डला मुळीच आवडली नाही, पण मतांचा दिवस असल्यामुळे तो हसला.

ऑल्डर्सबीचा उतार म्हणजे दोन्ही बाजूंना दगडी गडगे आणि मध्ये जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता. तळाशी जुना कमानीचा पूल आणि पुलापलीकडे चहाचं दुकान. चढणीला शेवटी असणारा विल्फ उतारावर मात्र वजनाच्या जोरावर पुढे येई. तो क्लिफर्डच्या चाकामागे येऊन पोचला होता. एवढ्यात पुलावरून शेणाची टाकी ओढत एक ट्रॅक्टर समोर आला. क्लिफर्डने छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्या मनाने ओरडला,

"खाली गाडी!"

नेमक्या त्याच क्षणी ब्रेंडाच्या मागे एक छोटी निळी मोटार आली. ब्रेंडाही मोठ्या मनाने ओरडली,

"खाली गाडी!"

पाच बैठकांत जे जमलं नाही ते त्या उतारावर जमलं. दोघं आयुष्यात पहिल्यांदा एकच शब्द ओरडले.

क्लिफर्ड हार्थवेटचा, तेव्हा त्याचं 'खाली' म्हणजे मागून, असं समजून पुढच्या सहाजणांनी डावीकडे अंग चोरलं, माना मागे वळवल्या आणि पाय मारत राहिले. ब्रेंडा स्केलबेकची, तेव्हा तिचं 'खाली' म्हणजे समोरून, असं समजून मागच्या सहाजणांनी करकचून ब्रेक दाबले. ट्रॅक्टरसमोर क्लिफर्ड थांबला. त्याच्या मागे विल्फ मान वळवून न आलेल्या मोटारीची वाट बघत सुसाट येत होता. शेवटच्या घडीला त्याने क्लिफर्डला चुकवलं, गडग्याला नाही.

"अहो, तुमच्यात कुणाला डोळे नाहीत का?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं. खाजऱ्या झुडपांत, एकमेकांच्या चाकांत आणि मेंढ्यांच्या पाण्याच्या एका कुंडात मिळून बाराजण होते.

"'खाली' कोण म्हणालं?" कुंडातून आवाज आला.

"क्लिफर्ड!"

"नाही, ब्रेंडा!"

"पण तो 'खाली' कसा म्हणेल? समोरून होता ना ट्रॅक्टर?"

"मुद्दाम म्हणाला! आम्हाला मारायला!"

क्लिफर्ड वाकून सायकलची साखळी चाचपू लागला. तुमची मतं मिळावीत म्हणून तुमचा शब्द वापरला, असं कोणत्या तोंडाने सांगणार? दोघांनी एकमेकांकडे एकदाच पाहिलं, आणि समोरचाही आपल्याइतकाच लबाड आहे हे दोघांना समजलं.

निळ्या मोटारीतून पाद्रीबाई उतरल्या. त्यांनी विल्फचा खांदा पाहिला, त्याला आधार देऊन आपल्या मोटारीत बसवलं आणि दार लावण्यापूर्वी सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "पुढे. मागे." आणि विल्फला घेऊन इस्पितळात गेल्या.

चहाच्या दुकानात फळांचा केक आणि चीज समोर आलं तेव्हा क्लिफर्डने घसा खाकरला. "आज अपघात झालाय. मतदान पुढच्या रविवारी घेऊ."

"नियम काय सांगतो?" ब्रेंडाने विचारलं.

नव्या क्लबने उचललेली नियमांची वही हार्थवेटचीच होती आणि अक्षर क्लिफर्डचंच. कलम नऊ. 'जो चहाला हजर, त्याचंच मत.' बारा वर्षांपूर्वी, फ्लूने आजारी पडलेल्या तिघा विरोधकांनी घरून चिठ्ठ्या पाठवल्या होत्या; त्या बाद करण्यासाठी त्याने हे कलम घुसवलं होतं. तेव्हा तो त्याला फार हुशारीचा डाव वाटला होता.

हात वर झाले. इकडे सहा, तिकडे सात. एकही फुटला नव्हता. फुटला होता तो फक्त विल्फचा खांदा. क्लिफर्डने गळ्यातली शिट्टी काढून केकच्या बशीशेजारी ठेवली. ब्रेंडाने ती रुमालाने पुसून घेतली, हे त्याला जास्त लागलं.

संध्याकाळी तो सायकलच्याच कपड्यांत इस्पितळात गेला. तिसऱ्या मजल्यावर विल्फ हात गळ्यात बांधून जेली खात बसला होता.

"एका मताने हरलो, विल्फ. तुझं एक मत. तू असतास तर बरोबरी झाली असती."

विल्फने जेलीचा चमचा खाली ठेवला. "नसती झाली."

"सहा आणि एक सात. गणित येतं मला."

"मी तिला मत देणार होतो, क्लिफर्ड. आठ-सहा झालं असतं." विल्फ ओशाळला, पण थांबला नाही. "सत्तावीस वर्षं तू माथ्यावर माझी वाट बघितलीस. खरंय. पण मी पोचलो की तू शिट्टी मारायचास. तुम्ही सगळे दम खाऊन ताजेतवाने, आणि मला मात्र एक श्वास नाही. आज त्या बाईने मला भिंतीवर बसवलं. 'जरा बस रे,' म्हणाली. केक दिला. सत्तावीस वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की तिथून नदी दिसते."

"मग सांगायचंस की कधी!"

"कधी सांगणार? दम कुठे असायचा?"

क्लिफर्डने बराच वेळ पांघरुणाची घडी सारखी केली. ती सारखीच होती. मग तो उठला आणि खडखड वाजणाऱ्या बुटांनी लिफ्टपाशी आला. दार उघडलं. आत उभ्या असलेल्या नर्सने बटणांवर बोट धरून विचारलं,

"वर की खाली, काका?"

क्लिफर्ड तिच्याकडे बघत राहिला. तिने पुन्हा विचारलं. दार मिटायला लागलं.

तो जिन्याने उतरला.