लोखंड्याचा आवाज

आमच्या दिंडोशीच्या कॉलनीत नवीन भाडेकरू आला की पहिल्या आठवड्यात तो एकदा तरी वनखात्याला फोन लावतो. त्याचा दोष नाही. कॉलनीच्या मागे टेकडी, टेकडीपलीकडे जंगल, आणि बिबट्या अधूनमधून खरोखरच येऊन जातो. त्यात सकाळी दूध येऊन गेलं की आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून जो आवाज निघतो, तो ऐकून शहाणा माणूसही दाराला कडी घालेल. आधी खोल घरघर. मग जड लोखंडी दार फरशीवरून ओढत न्यावं तसं काहीतरी. आणि शेवटी पोटातून निघालेली लांब डरकाळी.

मागे एकदा दोन वनरक्षक जाळं आणि काठ्या घेऊन खरंच वर गेले. पाण्याच्या टाकीपाशी त्यांना लुंगी नेसलेले, गळ्याला मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ दिसले. गृहस्थांनी हात वर करून त्यांना थांबायची खूण केली, सुरू केलेली डरकाळी नीट पुरी केली, थर्मासातलं गरम पाणी घेतलं आणि विचारलं, "कोण व्हया तुमका?"

वनरक्षक चहा पिऊन गेले. जाताना त्यातला एक म्हणाला, "काका, बिबट्या असा ओरडत नाही. हे नक्की कोण?"

"लोखंड्या," काका म्हणाले.

हे मधुकर घाडी. आमच्या शेजारच्या घरात राहतात. मूळचे मालवणकडचे. नोकरी झाली साकीनाक्याच्या एका कारखान्यात, स्टोअर सांभाळायची. पण "आपण काय करता?" असं कुणी विचारलं, तर काका नोकरीचं नाव काढत नाहीत. छाती पुढे काढून सांगतात, "मी लोखंड्या करतो."

लोखंड्या हा एका परदेशी कार्टूनमधला महाकाय साप. त्या कार्टूनमध्ये पोरं आपापले राक्षस पाळतात आणि मैदानात एकमेकांशी झुंजवतात. हा साप नुसता मोठा नाही, तर पोलादाचा. पाण्याचे टँकर एकामागे एक जोडावेत तसं अंग, जेसीबीसारखा जबडा. जमीन फोडून वर येतो, मैदानभर सावली पडते, समोरचे पळतात. त्याचं खरं नाव इतकं अवघड आहे की डबिंगच्या स्टुडिओतही कुणाला ते धड उच्चारता येत नसे. काकांनी पहिल्याच दिवशी त्याला लोखंड्या म्हटलं, आणि तेव्हापासून सगळेच म्हणू लागले.

काका तिथे पोचले ते आमच्या गणेशोत्सवामुळे. नाटकात ते राक्षस झाले होते. एन्ट्रीलाच अशी आरोळी ठोकली, की पुढच्या रांगेतल्या बाईंच्या हातातला आईस्क्रीमचा कप खाली पडला. प्रेक्षकांत अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओतले गृहस्थ बसले होते. परदेशातून आलेल्या टेपमध्ये सापाचा आवाज संगीतात असा मिसळला होता, की तो वेगळा काढताच येईना. त्यांनी काकांना एका दिवसासाठी बोलावलं, आणि काका तिथे जे चिकटले ते निवृत्तीनंतरही जात राहिले. डरकाळीला भाषा नसते, त्यामुळे हिंदीत काका, मराठीत काका, दक्षिणेकडच्या भाषांतही काकाच.

लोखंड्याला बोलायला एक शब्दही नव्हता. तरी काका "माझे संवाद" म्हणायचे. "उद्या माझे संवाद भरपूर आहेत गो शुभा, आज दही नको," असं मला सांगायचे. दही, लिंबू, बर्फ सगळं बंद. तोंडात कायम ज्येष्ठमधाची काडी. आणि दाखवून द्यायला जागा कुठलीही चालायची. एकदा भाजीच्या गाडीपाशी मला म्हणाले, "ऐक. ही त्याची जाग." डरकाळी. "आणि हा राग." डरकाळी. "फरक कळला?" मला कधीच कळायचा नाही. मी हो म्हणायचे. भाजीवाल्याने मात्र कोथिंबीर फुकट घातली आणि गाडी पुढे नेली.

माझी मुलगी लहानपणी ते कार्टून बघायची. तिला सगळ्या पोरांसारखा टुमटुम आवडायचा. टुमटुम म्हणजे गोबऱ्या गालांचा बेडूक, त्या कार्टूनचा हिरो. शेवटी एक उडी मारून तो लोखंड्याला पाडायचा, हे ठरलेलंच. माझी मुलगी टाळ्या वाजवायची आणि काका आमच्या सोफ्यावर बसून तिच्याशी भांडायचे.

"त्याने काय केलं टुमटुमला? तो जमिनीखाली झोपला होता. ह्यांनी उठवला."

"पण काका, तो व्हिलन आहे."

"व्हिलन कशावरून? मोठा आहे म्हणून? मोठं असणं हा काय गुन्हा झाला?"

काकांचे वडील दशावतारात राक्षस करायचे. गावोगावच्या जत्रेत रात्रभर देवाच्या हातून मरायचे आणि पहाटे पेज पिऊन झोपायचे. त्यांचं एक वाक्य काका नेहमी सांगत: "राक्षसाक मरूचा असता, ह्या सगळ्यांक ठावक असता. म्हणान त्येना येताना असा येवचा, की मेलो तरी लोकांनी घरी जाताना त्येचाच नाव घेवक व्हया."

ह्यावरून काकांचं स्टुडिओत एकदाच, पण मोठं भांडण झालं. मार खाऊन पडताना लोखंड्याने केविलवाणं विव्हळावं, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. काका रेकॉर्डिंगच्या बूथमधून बाहेर येऊन उभे राहिले. "कुत्र्याच्या पिल्लासारखा कुंय कर म्हणतात मला," घरी येऊन ते सांगत होते. "मी म्हटलं, साहेब, तो हरतो. रडत नाही. तुम्हाला रडका पाहिजे तर दुसरा साप बघा." दुसरा साप मिळाला नाही. लोखंड्या पुढे कायम काकांच्या पद्धतीनेच हरला, अंगावर धूळ उडवत, कुणाचं ऐकून न घेता.

घाडीकाकींना ह्यातलं काही कौतुक नसावं, असं आम्हाला वाटायचं. काकी बारीक, मितभाषी, जीभ विळीसारखी. नवऱ्याचं नाव निघालं की म्हणायच्या, "घरात एकच साप, तो पण लोखंडाचा. सिलिंडर सरकवायला सांगितला तर हलत नाही."

गच्चीवरच्या रियाजाचं प्रकरण एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्येही आलं. आमचे सेक्रेटरी कर्णिक हे नियमाने श्वास घेणारे गृहस्थ. त्यांनी विषयपत्रिकेत "गच्चीवर डरकाळी फोडण्यास मनाई" असं छापूनच आणलं होतं. काका उठले.

"कर्णिक, सकाळी तुमचा मिक्सर चालतो. मग दुसऱ्या मजल्यावर ड्रिल चालू होतं. लग्नात बँजो, गणपतीत स्पीकर. ह्या सगळ्यात माणसाच्या गळ्यातून निघणारा आवाज एकच आहे. तोच बंद करायचा म्हणता?"

"घाडी, लोक घाबरतात."

"घाबरूक व्हया. फुकटात घाबरतत, काय वायट?"

लोक हसले आणि ठराव तिथेच पडला. बाहेर पडताना काका कर्णिकवहिनींना म्हणाले, "मिक्सर मात्र दुरुस्त करून घ्या वहिनी. त्याचं बेअरिंग गेलंय, आवाजावरून कळतं."

मग गेल्या वर्षी स्टुडिओतून फोन आला. कार्टूनचे नवे भाग येणार होते आणि काकांना एका कागदावर सही करायला बोलावलं होतं. मी विमा कंपनीत कागद तपासायचं काम करते, म्हणून काका माझ्याकडे आले. "तू इंग्रजी वाच. नाही म्हणायचं काम मी करतो."

"आधीच नाही कशाला, काका?"

"फोनवर ती पोरगी फार गोड बोलत होती."

ती पोरगी म्हणजे रिया. माझ्या मुलीहून थोडी मोठी. स्टुडिओत तिने आम्हाला कॉफी दिली, काकांना आठवणीने गरम पाणी दिलं, आणि सरळ मुद्द्यावर आली. काकांच्या इतक्या वर्षांच्या सगळ्या डरकाळ्या कॉम्प्युटरला ऐकवायच्या. तो त्या शिकेल आणि पुढचे सगळे भाग तोच करेल. काकांनी यायचं नाही, घसा ताणायचा नाही, पैसे मात्र मिळतील. मी कागद वाचला. तो तिने सांगितलं तसाच होता, आणि पैसेही वाईट नव्हते. मी तसं काकांच्या कानात सांगितलं.

काकांनी बूथकडे बघितलं. काचेआड माईक होता, त्याच्यासमोर त्यांचं नेहमीचं उंच स्टूल.

"म्हणजे मी मेल्यावर पण तो माझ्याच आवाजात ओरडणार?"

"हो ना सर," रिया म्हणाली. "कायमचं. छान नाही का?"

"आणि हरणार पण माझ्याच आवाजात?"

"स्क्रिप्टमध्ये असेल तसं, सर."

"मग एक सांग बाय माझे. ही मशीन कधी हरली आहे काय?"

रियाने माझ्याकडे बघितलं. मी कॉफीत बघितलं.

"हरल्याशिवाय हरण्याचा आवाज येत नाही," काका म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "माझा बाप जत्रेत मरायचा तो दर वेळी वेगळा मरायचा. मी पण तसाच पडलो. जे पडणं झालं ते तुमच्याकडे आहे, ते ठेवा. पुढचं पडणं माझं आहे. ते मी देत नाही."

"सर, मग आम्हाला दुसरा कुणी बघावा लागेल."

"बघ ना. माणूस बघ. कुठलाही आण, मी शिकवतो त्याला. फुकट शिकवतो. पण माणूस आण."

तिने खरंच वरिष्ठांना फोन केला. काचेपलीकडे फेऱ्या मारत बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा तिचे डोळे जरा खाली होते. माणसाची गरज नाही, असं वरून सांगितलं होतं. सही न मिळाल्यास बाजारात मिळणारा एखादा तयार आवाज घेतील.

काका उठले, कागद नीट चार घड्या घालून तिच्या हातात दिला. "तुझा राग नाही. तू पाणी गरम आणलंस."

लिफ्टची वाट न बघता ते जिन्याने उतरले. रिक्षात मी म्हटलं, "काका, अजून विचार करायला हरकत नाही." ते म्हणाले, "कसलो विचार? हरलंय मी. रडूक नाय." आणि दिंडोशी येईपर्यंत रिक्षावाल्याला त्याचा सायलेन्सर कसा फुटलाय ते सांगत राहिले.

कॉलनीत ही बातमी पसरली तेव्हा मतं पडली. कर्णिक म्हणाले, घरबसल्या मिळत होतं ते सोडलं, वेडेपणा झाला. काकांनी कुणालाच खुलासा दिला नाही. गच्चीवर ते जात राहिले, उलट पूर्वीपेक्षा मोठ्याने. "आता कसला रियाज, काका?" असं एकाने विचारलं, तर म्हणाले, "नोकरी सुटली म्हणून तू आंघोळ सोडतोस काय?"

पावसाळ्यानंतर नवे भाग सुरू झाले. रविवारी सकाळी पहिला भाग होता. मी सुरळीच्या वड्या केल्या होत्या, त्यातल्या थोड्या घेऊन शेजारी गेले. खरं तर मला बघायचं होतं, काका टीव्ही लावतात की नाही. दार लोटलेलं होतं. आत टीव्ही चालू होता, पण आवाज बंद होता. म्हणून मी दारातच थांबले.

दोघं पलंगावर टेकून बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मूलबाळ नसलेलं ते घर, आणि भिंतीवर कार्टूनचे लाल-निळे रंग हलत होते. पडद्यावर जमीन फाटली, लोखंड्या वर आला. काकांनी डरकाळी दिली. गच्चीवरची नव्हे, घरातली, शेजाऱ्यांनाही ऐकू जाणार नाही इतकी. पण मला पहिल्यांदाच कळलं, की ही जाग होती.

मग टुमटुम आला आणि त्याचे ओठ हलले. काकी बोलायला लागल्या.

"अरे ए लोखंड्या, बाजूक हो. माका शाळेत जावचा हा."

आवाज बारीक, चिरका, हुबेहूब बेडकाचा. ओठ मिटले तिथे काकी थांबल्या, उघडले तिथे बरोबर उचललं. हे एका दिवसात येणारं काम नव्हतं. दर डबिंगच्या आदल्या संध्याकाळी बंद दाराआड काकांचा सराव चालायचा; त्यात टुमटुमचे संवाद कोण म्हणायचं, हे मला आत्ता समजत होतं. काका गुरगुरत होते, काकी त्यांना बेडकाच्या आवाजात टोमणे मारत होत्या, आणि दोघांपैकी कुणीही हसत नव्हतं. काम चाललं होतं.

शेवटी टुमटुमने ती ठरलेली उडी घेतली. लोखंड्या एका कुशीवर आडवा झाला, सगळं मैदान धुळीने भरलं. ही काकांची जागा. ह्याच डरकाळीसाठी ते भांडले होते. मी वाट बघत होते.

डरकाळी आली नाही. काका पलंगावरून पुढे सरकले, टीव्हीजवळ वाकले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "लागला काय रे, बाबू?"

काकी बेडकाचा नाही, स्वतःचा आवाज लावून म्हणाल्या, "उठतलो तो. फुडच्या रविवारी हा तेका काम. तुमी सरकून बसा, माका दिसना नाय."

काका सरकून बसले. मी वड्यांची ताटली दाराशी स्टुलावर ठेवली आणि दार होतं तसं लोटून घेतलं.